फाइल सर्व्हर बदलण्याआधी

बॅकअप घ्या. त्यातली एखादी फाइल परत काढून उघडते का तेवढं पाहा आणि पुढे चला.

खरं काम इथून. नवा सर्व्हर एसएमबीच्या (नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची भाषा) कोणत्या आवृत्त्या स्वीकारतो आणि जोडलेलं प्रत्येक यंत्र कोणती बोलतं, हे लिहून काढा. प्रत्येक यंत्र म्हणजे नुसते डेस्कटॉप नाहीत. स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकणारा कॉपियरसुद्धा! गेल्या वेळी माझा तोच राहिला. सगळे संगणक जोडले गेले आणि स्कॅन मात्र एकही पोचेना, कारण कॉपियरला एसएमबी १ शिवाय काही कळत नव्हतं. अशा वेळी सगळेजण 'एसएमबी १ चालू कर की परत' म्हणून मागे लागतात. करू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं व्हायरससारखं सॉफ्टवेअर याच आवृत्तीतल्या त्रुटीतून पसरलं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती विंडोज १० मधून काढायला घेतली, आणि साम्बाने (लिनक्सवर एसएमबी चालवणारं सॉफ्टवेअर) २०१९ मध्ये ४.११ पासून मूळ सेटिंगमध्येच बंद केली. कॉपियरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा, ते मिळत नसेल तर स्कॅन ईमेलवर घ्या.

स्मरणशक्तीवर विसंबू नका. जुना सर्व्हर विंडोजचा असेल तर त्यावर एसएमबी १ चं ऑडिट (कोण वापरतं याची नोंद) आधीच चालू करा; ३००० क्रमांकाच्या नोंदींत जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांचे पत्ते सापडतात. ऑडिटमध्ये महिनाअखेर आलीच पाहिजे, काही यंत्रं तेव्हाच जागी होतात. आणि कॉपियर? यादीत लिहिला का? लिहा.

विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्डाशिवायचा गेस्ट शेअर (सामायिक फोल्डर) उघडत नाही, तेव्हा प्रत्येकाला खातं द्या. मॅकवर एएफपी (ॲपलची जुनी पद्धत) सोडून एसएमबीनेच जोडा. मॅकवरच्या फाइलनावांत प्रश्नचिन्ह किंवा तारा असेल तर विंडोजला ते चालत नाही. मराठी नावं तर नक्की तपासा: मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीच्या डिस्कवर 'दुसऱ्या'मधला ऱ हा र आणि नुक्ता (खालचा टिंब) असा फोडून साठवला जातो, बाकीकडे तो अखंड असू शकतो, त्यामुळे लिनक्स सर्व्हरवर दिसायला एकाच नावाच्या दोन फाइली होऊ शकतात.

बाकी थोडक्यात. एसएमबीचं पोर्ट ४४५ उघडा, फक्त आतल्या नेटवर्कपुरता. डोमेन (सगळी खाती एकाच ठिकाणाहून सांभाळणारी व्यवस्था) असेल तर घड्याळं जुळवा, पाच मिनिटांहून जास्त फरक तिथली ओळख तपासणाऱ्या केर्बेरॉसला चालत नाही. सुरू केल्यावर पहिली चाचणी कॉपियरवर, डेस्कटॉप नंतर. जुना सर्व्हर पुढची महिनाअखेर उलटेपर्यंत फक्त वाचण्यापुरता चालू ठेवा.