गिटारच्या पिकअपला जोडलेल्या प्रीॲम्प्लिफायरचे सिम्युलेशन कसे करावे

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे कायमचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे देऊन केलेली कॉइल होय. गिटारची पोलादी तार कंप पावते, तेव्हा कॉइलमधून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि फॅरडेच्या नियमाप्रमाणे तिच्या टोकांवर व्होल्टेज निर्माण होते. अशा सेन्सरचा ॲम्प्लिफायर तपासताना पुष्कळदा इनपुटला थेट एक आदर्श व्होल्टेज सोर्स जोडला जातो. आलेखावर सुरेख सरळ रेषा उमटते खरी, पण प्रत्यक्ष आवाजाशी तिचा फारसा संबंध नसतो, कारण कॉइल, केबल आणि ॲम्प्लिफायरचा इनपुट रोध यांचे मिळून एक अनुनादी सर्किट बनते व ते सर्किटच आवाजाचा पोत ठरवते.

म्हणून आधी पिकअप मोजावा. डीसी रोध साध्या मल्टिमीटरने मिळतो. इंडक्टन्स एलसीआर मीटरने, शक्यतो १०० किंवा १२० हर्ट्झवर मोजावा, कारण वरच्या वारंवारतेवर धातूच्या भागांतील भोवरा प्रवाहांमुळे आकडा बदलतो. येथे उदाहरणासाठी एका सिंगल-कॉइल पिकअपचे २.५ हेन्री, ६ किलोओहम आणि कॉइलचा स्वतःचा १२० पिकोफॅरड कपॅसिटन्स हे आकडे धरले आहेत.

एलटीस्पाइस हा सर्किटचे सिम्युलेशन करणारा, मोफत मिळणारा प्रोग्रॅम या कामाला पुरेसा आहे. त्यात व्होल्टेज सोर्स, ६ किलोओहमचा रेझिस्टर आणि २.५ हेन्रीचा इंडक्टर एकापुढे एक जोडावेत. इंडक्टरच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडपर्यंत १२० पिकोफॅरडचा कपॅसिटर, त्याला समांतर केबलचे ५०० पिकोफॅरड, आणि गिटारमधील व्हॉल्यूम व टोन या २५० किलोओहमच्या दोन पॉटबद्दल (फिरवून रोध बदलणाऱ्या नॉबबद्दल) १२५ किलोओहमचा रेझिस्टर लावावा. दोन्ही पॉट पूर्ण उघडे असताना हा अंदाज ठीक बसतो. पुढे २२ नॅनोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर, १ मेगाओहमचा बायस रेझिस्टर आणि ११ पट गेनचा नॉन-इन्व्हर्टिंग (सिग्नल न उलटवता वाढवणारा) ऑपअँप, म्हणजे ॲम्प्लिफायरची तयार चिप, येतो. मेगाओहम लिहिताना ‘एम’ हे एकच अक्षर टाकल्यास प्रोग्रॅम त्याचा अर्थ मिलिओहम असा घेतो. तेथे ‘एमईजी’ ही तिन्ही अक्षरे लिहावी लागतात. आउटपुट जवळजवळ शून्य दिसत असेल, तर सर्वांत आधी हेच तपासावे. या एका अक्षरापायी माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली आहे.

आता सोर्सचे एसी मूल्य १ ठेवून १० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ अशी एसी तपासणी (वारंवारतेनुसार आउटपुट कसे बदलते ते दाखवणारी) चालवावी. ४ किलोहर्ट्झच्या थोडे अलीकडे सुमारे ४ डेसिबलचे शिखर दिसले पाहिजे. पॉटचा रेझिस्टर काढून पाहिल्यास हेच शिखर १६ डेसिबलच्या आसपास जाते. खऱ्या पिकअपमध्ये ते इतके टोकदार नसते, कारण भोवरा प्रवाहांमुळे काही ऊर्जा वाया जाते. ती घट दाखवण्यासाठी इंडक्टरला समांतर एक मोठा रेझिस्टर जोडून त्याचे मूल्य मोजमापाशी जुळवून घ्यावे. केबलचा कपॅसिटन्स स्टेप आदेशाने ३०० ते १००० पिकोफॅरड असा बदलत नेल्यास अनुनाद साधारण ४.९ किलोहर्ट्झवरून ३ किलोहर्ट्झपर्यंत खाली येतो. लांब केबल आवाज ‘मऊ’ करते, असे वादक म्हणतात ते यामुळेच. याउलट, पिकअप १० किलोओहम इनपुटच्या इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायरला थेट जोडला, तर साधारण १ किलोहर्ट्झपासूनच वरचे स्वर गळू लागतात.

नॉइजची तपासणी मात्र सावकाश करावी, कारण ऑपअँपची निवड येथेच चुकते. एनई५५३२ चा व्होल्टेज नॉइज सुमारे ५ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ आहे, तर टीएल०७२ चा जुन्या डेटाशीटनुसार १८. त्यामुळे पहिलाच चांगला असे वाटते आणि १०० हर्ट्झच्या आसपास ते खरेही आहे. पण अनुनादाजवळ सोर्सचा इंपिडन्स (एसी सिग्नलला होणारा एकूण रोध) ९५ किलोओहमच्या घरात पोचतो, तेथे एनई५५३२ चा ०.७ पिकोअँपिअरचा करंट नॉइज एकटाच सुमारे ६७ नॅनोव्होल्ट होतो. सर्व घटक धरून बेरीज पाहिल्यास टीएल०७२ सुमारे ४४ वर, तर एनई५५३२ सुमारे ७८ वर थांबतो, आणि हा पट्टा कानाला विशेष जाणवणारा आहे. सर्वच ऑपअँप मॉडेलांत करंट नॉइज नीट भरलेला नसतो. शंका असल्यास युनिव्हर्सल ऑपअँप घेऊन हे दोन्ही आकडे हाताने भरावेत.

ट्रान्झिएंट तपासणीत, म्हणजे सिग्नल वेळेनुसार कसा बदलतो ते पाहताना, १०० मिलिव्होल्टचा साइन पुरेसा वाटतो, पण जोरात छेडल्यास शिखर ४०० मिलिव्होल्टपर्यंत गेले, तर ११ पट गेनने ४.४ व्होल्ट होतात. आदर्श मॉडेल ९ व्होल्टच्या बॅटरीवर हे निमूटपणे दाखवते. टीएल०७२ चे आउटपुट मात्र दोन्ही रेल्सपासून (पुरवठ्याच्या वरच्या व खालच्या व्होल्टेजपासून) सुमारे दीड व्होल्ट आधीच अडते. अशा वेळी गेन सहा-सातपर्यंत उतरवावा.

शेवटी प्रत्यक्ष पडताळणीसाठी पिकअपवर एक छोटी कॉइल ठेवून तिला मोठ्या रेझिस्टरमधून सिग्नल जनरेटर जोडावा. करंट स्थिर असल्याने पिकअपमध्ये निर्माण होणारे व्होल्टेज वारंवारतेच्या प्रमाणात, म्हणजे दर दशकाला २० डेसिबलने वाढते. सिम्युलेशनच्या आलेखाशी तुलना करण्यापूर्वी हा चढ मोजमापातून वजा करावा.