कंट्रोल किती वेळा लावायचा? बायोकेमिस्ट्रीत नव्याने येणाऱ्यांसाठी

डीएमएलटी, बीएमएलटी हे लॅब टेक्निशियनचे कोर्स करून बायोकेमिस्ट्रीत रुजू होणारी मुलंमुली पहिल्याच आठवड्यात विचारतात, ‘कंट्रोल दिवसातून किती वेळा लावायचा?’ कंट्रोल म्हणजे मशीन तपासण्यासाठी लावायचं, आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल. सकाळी दोन लेव्हल (नॉर्मल आणि वाढलेला, असे दोन कंट्रोल) लावल्या, एलजे चार्टवर (कंट्रोलचे रोजचे आकडे मांडायच्या आलेखावर) दोन्ही टिंबं मर्यादेच्या आत पडली की झालं, असं बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मी त्यांना आधी दोन गोष्टींचा विचार करायला लावते. ही तपासणी चुकली तर पेशंटचं काय होईल? आणि चूक आपल्या लक्षात येईपर्यंत किती रिपोर्ट गेलेले असतील? जोखमीवर आधारलेल्या क्वालिटी कंट्रोलचा गाभा एवढाच आहे. लॅबचे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेची ईपी २३ मार्गदर्शिका २०११ मध्ये आली तीही याच विचारावर उभी आहे, आणि आयएसओ १५१८९ या मेडिकल लॅबसाठीच्या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत तर जोखमीवर भरच दिला आहे.

पोटॅशियम घ्या. रिपोर्टमध्ये ६.८, म्हणजे धोकादायक वाढलेलं, आलं की वॉर्डात धावपळ सुरू होते: ईसीजी, कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्शुलिन आणि ग्लुकोज. तो आकडा खोटा असेल तर चांगल्या माणसाचं पोटॅशियम आपण उगाच खाली आणतो. खरं वाढलेलं असताना रिपोर्ट नॉर्मल गेला, तर हृदय बंद पडू शकतं.

आता सॅम्पलबरोबर चालत जा. हाताला पट्टा बांधून मूठ उघड-मीट करायला लावली, तिथेच पोटॅशियम वाढतं. ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) ट्यूब आधी भरली आणि तिचा अंश साध्या ट्यूबमध्ये गेला, तर पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर सीरम वेगळं न करता अख्खं रक्त फ्रिजमध्ये ठेवलं, तर पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. रस्त्यात हिमोलिसिस झालं, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या, तर विचारूच नका. यातली एकही चूक कंट्रोलच्या बाटलीला कळत नाही, कारण तिचा प्रवास मशीनपाशीच सुरू होतो. म्हणून सेंटरवर सेंट्रिफ्यूज, ट्यूब भरण्याचा क्रम, मशीनचा हिमोलिसिस इंडेक्स आणि सॅम्पल नाकारण्याचे लेखी निकष हे सगळं तुमच्या क्वालिटी प्लॅनमध्येच यायला हवं. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच कागदावर सगळ्यात थोडक्यात उरकलेला असतो.

मग मशीन. इथे सिग्मा, म्हणजे मशीन मान्य चुकीच्या मर्यादेत किती आरामात बसतं ते सांगणारा आकडा, काढायला शिका: मान्य एकूण चुकीतून बायस (खऱ्या आकड्यापासूनचा एकाच बाजूचा फरक) वजा करा, उरलेल्याला सीव्हीने (तेच सॅम्पल पुन्हा पुन्हा लावल्यावर पडणाऱ्या टक्केवारीतल्या फरकाने) भागा. सीव्ही आपल्याच कंट्रोलच्या काही महिन्यांच्या आकड्यांतून घ्यायचा, बायस ईक्यूएएसमधून, म्हणजे बाहेरच्या संस्थेने पाठवलेली सॅम्पल तपासून होणाऱ्या पडताळणीतून. आपल्याकडे अनेक लॅब त्यासाठी वेल्लोरच्या सीएमसीच्या योजनेत असतात. अमेरिकेच्या क्लिया या लॅबविषयक कायद्याची मर्यादा धरली तर ग्लुकोजला ८ टक्के मिळतात. बायस १ आणि सीव्ही १.१ असेल तर सिग्मा सहाच्या वर. सोडियमला मात्र ४ मिलिमोल, म्हणजे १४० ला जेमतेम २.९ टक्के. बायस ०.५, सीव्ही ०.८ असं चांगलं मशीन असूनही सिग्मा ३ च. ग्लुकोजला १-३एस (एकही कंट्रोल सरासरीपासून ३एसडीच्या बाहेर गेला की थांबा; एसडी म्हणजे प्रमाण विचलन) हा एक नियम पुरतो. सोडियमला वेस्टगार्डचे (कंट्रोल मान्य करायचा की नाही ते ठरवणारे) सगळे नियम लावा आणि कंट्रोलही जास्त वेळा लावा.

सगळ्याच तपासण्यांना सरसकट २एसडीची मर्यादा लावू नका. दोन लेव्हल असतील तर मशीन ठणठणीत असतानाही साधारण ९ टक्के रन (कंट्रोलच्या फेऱ्या) ‘आउट’ दिसतात. मग टेक्निशियन कंट्रोल आत येईपर्यंत रिपीट करत राहतो आणि खरा बिघाड त्या सवयीत लपून जातो. आउट गेला की आधी थांबायचं, कारण शोधायचं, ते दूर करायचं, आणि मागच्या चांगल्या कंट्रोलनंतर गेलेले रिपोर्ट तपासायचे.

हे शेवटचं काम किती जड पडेल, यावरून कंट्रोलची वेळ ठरवा. आयसीयूची सॅम्पल चोवीस तास येत असतील आणि कंट्रोल फक्त सकाळी आठला लागत असेल, तर अकराला बिघडलेल्या इलेक्ट्रोडचे रिपोर्ट दुसऱ्या दिवसापर्यंत जात राहतील. तिथे निदान प्रत्येक शिफ्टला कंट्रोल हवा, शिवाय इलेक्ट्रोड किंवा रीएजंटचा लॉट बदलला, कॅलिब्रेशन केलं, की लगेच.

प्लॅन एकदा लिहून फाइलला लावला की संपला, असं होत नाही. डॉक्टरांचा ‘पेशंटशी रिपोर्ट जुळत नाही’ असा फोन आला की रजिस्टरमध्ये नोंद करा आणि दर महिन्याला त्या नोंदी प्लॅनशेजारी ठेवून वाचा. नवीन लॅबमध्ये गेलात की ते रजिस्टर मागून घ्या, आणि त्यात ज्या तपासणीचं नाव पुन्हा पुन्हा येतं तिच्यापासून सुरुवात करा.