शिक्षक आणि ग्रंथपालांची लेखन-कार्यशाळा: एक दिवस आणि पुढचे सहा आठवडे

मुलांकडून ‘माझी शाळा’ आणि ‘पावसाळ्यातील एक दिवस’ यांच्या पलीकडचं काही लिहून घ्यायचं असेल, तर आधी शिक्षकांना लिहितं करावं लागतं. जो शिक्षक वर्षानुवर्षं अहवाल आणि टाचणाखेरीज काही लिहीत नाही, त्याला कोऱ्या कागदासमोर मूल का अडतं ते उमगत नाही. तो मग फळ्यावर मुद्दे लिहून देतो आणि चाळीस वह्यांत एकच निबंध उतरतो. ग्रंथपालाचंही असंच आहे. ज्यानं आपल्या कपाटातली बालपुस्तकं स्वतः वाचलेली नाहीत, तो ती मुलांच्या हाती देऊ शकत नाही. म्हणून या कार्यशाळेत भाषणं जवळजवळ नाहीत. दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ सहभागींनी वाचायचं आणि लिहायचं आहे. हे मार्गदर्शन केंद्रप्रमुख, डाएटचे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे) विषयसहायक आणि गावोगावच्या वाचनालयांचे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे.

कोणाला बोलवायचं, केव्हा

२४ जण पुरेत, म्हणजे १२ जोड्या: एक शिक्षक आणि एक ग्रंथपाल. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत ग्रंथपाल नसतो. तिथे वाचनालय सांभाळणाऱ्या शिक्षकाला घ्या, किंवा गावातल्या शासनमान्य सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालाला बोलवा. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी अशी वाचनालयं अनेक गावांत आहेत. शाळेतली शंभर-दीडशे पुस्तकं मुलं एका सत्रात संपवतात, तेव्हा हीच ओळख कामाला येते. २४ जणांसाठी दोन मार्गदर्शक हवेत. एकट्या माणसाला सगळ्यांचं लेखन ऐकणं जमत नाही.

केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेतच हा विषय उरकावा असं सुचवलं जातं. तिथला वेळ माहिती भरण्यात आणि परिपत्रकांत जातो, म्हणून स्वतंत्र दिवस मागा. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पत्रात विषय आणि तास स्पष्ट लिहून घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यायचे आहेत. पत्रात तास असले की ते त्यात धरण्याची मागणी करता येते.

तारीख मागून मोजत ठरवा. सहा आठवड्यांच्या शेवटी मुलांनी केलेल्या पुस्तिका मांडायला १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन चांगला वाटतो, पण त्याआधीच्या सहा आठवड्यांत गणपती येण्याची शक्यता असते आणि पहिल्या सत्राची परीक्षा डोक्यावर असते. त्यापेक्षा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन धरा आणि कार्यशाळा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घ्या.

सामान

प्रोजेक्टर लागत नाही. बाकं हलवता येतील अशी खोली, सतरंज्या आणि मोकळी भिंत हवी. ए-फोर कागदांचं एक रीम, शंभरपानी २४ वह्या, १२ कात्र्या, १० चार्टपेपर, स्केचपेनं आणि चिकटपट्टी एवढ्यात काम होतं.

खरा वेळ पुस्तकं निवडण्यात घालवा. ४० ते ५० हवीत: कमी शब्दांची चित्रपुस्तकं, बडबडगीतं आणि कविता, माहितीपर पुस्तकं, आणि चौथी ते सातवीसाठी थोड्या मोठ्या गोष्टी. शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य छापलेले संच बाजूला ठेवा. चित्रात शब्दांपेक्षा वेगळं काही घडत असेल ते पुस्तक घ्या. पैसे नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत मिळतात आणि मुक्त परवान्यामुळे त्या छापूनही घेता येतात. त्यांच्या वाचनाच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या दोन पातळ्यांतल्या गोष्टी तिसरीपर्यंतच्या वर्गांना चालतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं. त्याचे जुने अंक शाळेच्या कपाटात असतील तर ते खाली काढा.

सकाळ: आधी वाचन

दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगतं यांत तास जातो आणि लेखन दुपारवर ढकललं जातं. दुपारी एसटी गाठायची म्हणून लोक उठू लागतात. पाहुण्यांना शेवटच्या पंधरा मिनिटांत बोलवा आणि सहभागींनी लिहिलेलं ऐकायला बसवा.

१०:००ला सतरंजीवर पुस्तकं पसरलेली असावीत. ओळखपरेड नको. येईल त्यानं दोन पुस्तकं पूर्ण वाचायची आणि चिठ्ठीवर लिहायचं: कोणत्या पानावर थांबलो, का थांबलो. चाळीस मिनिटांनी चिठ्ठ्या पुस्तकांत ठेवून भिंतीलगत मांडा. जेवणाच्या सुट्टीत लोक त्या वाचतात आणि ओळख आपोआप होते.

मग प्रकटवाचन, म्हणजे मोठ्यानं वाचून दाखवणं. मार्गदर्शकानं एक चित्रपुस्तक आदल्या दिवशी दोनदा मोठ्यानं वाचून तीनच थांबे ठरवावेत. पहिला मुखपृष्ठावर: काय दिसतंय? दुसरा गोष्ट वळण घेण्याआधी: आता काय होईल, कशावरून वाटतं? तिसरा शेवटानंतर: कोणतं पान पुन्हा बघायचंय? पुस्तक छातीच्या उंचीवर, पानं श्रोत्यांकडे, आणि पान उलटल्यावर पाच सेकंद गप्प. ही शांतता बहुतेकांना जमत नाही, ते चित्र दिसण्याआधीच बोलू लागतात. दुसरी खोड प्रत्येक पानावर प्रश्न विचारण्याची. त्यानं गोष्टीची चाचणी होते. ‘यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न पूर्ण बंद ठेवा, कारण मुलं त्यावर ठरलेलं उत्तर देतात आणि खरं वाटलेलं गिळून टाकतात. नंतर जोड्यांनी एकमेकांना एकेक पुस्तक असंच वाचून दाखवावं.

मग लेखन, जेवणाआधी

विषय देऊ नका, जागा द्या. ‘निसर्ग’ म्हटलं की धरती हिरवा शालू नेसते आणि झरे झुळझुळ वाहतात. त्याऐवजी सांगा: लहानपणीच्या घराचं स्वयंपाकघर. चार मिनिटांत तिथल्या दहा वस्तूंची यादी, फक्त नावं. यादीतली एक वस्तू निवडा आणि सात मिनिटं तिच्याबद्दल लिहा. हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, सुचेना तर शेवटचा शब्द पुन्हा लिहायचा. मार्गदर्शकानंही बसून लिहायचं, फेऱ्या मारायच्या नाहीत. सातच मिनिटं एवढ्यासाठी की तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला तयार वाक्यं संपतात आणि आपलं काहीतरी येऊ लागतं. पंधरा दिली तर लोक मागे जाऊन सजवत बसतात.

त्यानंतर चौघाचौघांत वाचन. ऐकणाऱ्यानं दोनच गोष्टी सांगायच्या: कोणतं वाक्य लक्षात राहिलं, आणि कुठे आणखी ऐकायचंय. ‘छान’ म्हणायचं नाही, टाळ्या नाहीत. शुद्धलेखनाबद्दल आज एक शब्दही नाही. हे पाळणं शिक्षकांना सगळ्यात जड जातं, म्हणून नियम भिंतीवर लिहा.

‘आणखी ऐकायचंय’ म्हणजे काय ते फळ्यावर करून दाखवा. समजा कोणी लिहिलं: ‘आमच्या गावाची नदी खूप सुंदर आहे. तिचं पाणी निर्मळ आहे.’ गट विचारतो: नदीत कुठून उतरायचात? पहिला पाय टाकला की खाली काय लागायचं? मग दुसरा खर्डा होतो: ‘धुण्याच्या दगडापाशी उतरलं की पायाला शेवाळ लागायचं. आई म्हणायची, टाच टेकव, बोटांवर चालू नको.’ दुसऱ्यात एकही विशेषण नाही, तरी नदी दिसते. सहभागींनी आपल्या मजकुरातली दोनच वाक्यं अशी बदलावीत. पूर्ण मजकूर पुन्हा लिहायला सांगितलं की सुवाच्य अक्षरात तोच उतरवला जातो.

शुद्धलेखनाचा प्रश्न येणारच, त्याला सरळ उत्तर द्या. पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घाला हात लावायचा नाही. दुसऱ्यात प्रत्येक मुलाची एकाच जातीची चूक घ्यायची: या वेळी फक्त रफार, पुढच्या वेळी फक्त पूर्णविराम. सगळं पान लाल झालं की मूल पुढच्या वेळी आपल्याला खात्रीनं लिहिता येतात तेवढेच शब्द वापरतं. ‘उंबरठ्या’ची भीती वाटली की ‘दार’ लिहितं, आणि आपण म्हणतो शब्दसंपत्ती कमी आहे.

घरच्या बोलीचंही इथेच बोलून घ्या. खानदेशातलं मूल ‘मना भाऊ वावरमा गया’ (माझा भाऊ शेतात गेला) म्हणालं तर ते तसंच लिहून घ्यायचं, विशेषतः पहिली-दुसरीत, जिथे मूल सांगतं आणि शिक्षक लिहितो. आपण बोललेलंच कागदावर दिसतंय हे कळलं की वाचनाची अर्धी वाट सरली. शिक्षकानं मनात प्रमाण मराठी करून उतरवलं तर मुलाला स्वतःचं वाक्य ओळखता येत नाही. मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी एका पानावर घरची भाषा आणि समोरच्या पानावर मराठी, अशी दुभाषी पुस्तिका करा. घरच्या भाषेचं पान गावातल्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

दुपार: कोडी, कहाणी आणि आठ पानांचं पुस्तक

कोड्यानं सुरुवात करा, झोप उडते. एक वस्तू घ्या, तिचे पाच गुण लिहा, त्यातले माणसालाही लागू पडणारे दोन ठेवा आणि एक विरोध घाला. कुलूप: ‘तोंड आहे पण जेवत नाही, सगळे बाहेर गेले की घर धरून बसतं.’ नाव किंवा उपयोग सरळ सांगितला तर कोडं फसतं.

नंतर कहाणीचा साचा. ‘आटपाट नगर होतं’ इथून ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’पर्यंतची लय सगळ्यांच्या कानात आहे. त्यात आजची जागा घाला: आटपाट नगर होतं, तिथे एक एसटी स्टँड होता. वीस मिनिटांत गोष्टीचा आराखडा तयार होतो, कारण सुरुवात आणि शेवट शोधावे लागत नाहीत.

हाच आराखडा पुस्तिकेत उतरवायचा. ए-फोर कागद आडवा ठेवा. वरची कड खालच्या कडेला लावून घडी घाला, उघडा. डावी कड उजवीला लावून घडी घाला, उघडा. आता दोन्ही बाजूच्या कडा मधल्या घडीपर्यंत आणून दाबा, उघडा. आठ घरं दिसतील. पुन्हा डावी कड उजवीला लावा आणि दुमडलेल्या बाजूकडून आडव्या घडीवरून एका घराइतकं कापा, पुढे नाही. कागद उघडला की मधोमध दोन घरांची चीर दिसते. आडव्या घडीवर दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकला. चीर फाकते, पानं अधिक-चिन्हासारखी उभी राहतात, ती एका दिशेला मिटवा.

दर गटात एक जण उघड्या बाजूनं कापतो आणि कागद वाया जातो. म्हणून आधी दुमडीवर पेन्सिलीनं खूण करायला सांगा. दुसरी चूक म्हणजे घड्या पडण्याआधी लिहिणं. मग निम्मी पानं उलटी येतात. पुस्तक मिटवून पानांना आकडे घाला, नंतर लिहा. आतली सहा पानं अशी: १ आणि २ वर कोण आणि कुठे, ३ वर काय बिघडलं, ४ आणि ५ वर काय काय करून पाहिलं, ६ वर शेवट. पानाला १५ ते २० शब्द, बाकी चित्र. सगळी पानं कागदाच्या एकाच बाजूला येत असल्यानं उघडून एक झेरॉक्स काढली की दुसरी प्रत तयार.

या पुस्तिका ग्रंथपालानं वेगळ्या वहीत क्रमांक देऊन नोंदवाव्यात. मुख्य दाखल रजिस्टरात घेतल्या तर हरवल्यावर निर्लेखनाचं, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करण्याचं, प्रकरण होतं आणि त्या भीतीनं कपाटाला पुन्हा कुलूप लागतं.

पुढचे सहा आठवडे

शेवटचा तास जोडीनं वेळापत्रक लिहिण्याचा. आठवड्याला ४० मिनिटांची एक तासिका धरा. पहिल्या आठवड्यात प्रकटवाचन, दुसऱ्यात यादी आणि लेखन (तिसरी-चौथीला चार मिनिटं पुरतात), तिसऱ्यात कोडी, चौथ्यात कहाणी, पाचव्यात दुसरा खर्डा, सहाव्यात पुस्तिका. ग्रंथपालाचं काम समांतर: दर आठवड्याला ३० पुस्तकांची पेटी वर्गात जाईल, आधीची परत येईल, आणि देवघेव वही मुलंच भरतील. पाचवा आठवडा गळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. चौथ्याच्या शेवटी मार्गदर्शकानं प्रत्येक जोडीला फोन करावा.

व्हॉट्सॲप गटावर हसऱ्या मुलांचे फोटो येऊ लागतात, त्यातून लेखनाबद्दल काही कळत नाही. नियम ठेवा: आठवड्याला एकाच मुलाचे दोन्ही खर्डे, नाव झाकून.

सहा आठवड्यांनी अर्ध्या दिवसाची दुसरी बैठक घ्या. प्रत्येकानं तीन मुलांचे दोन्ही खर्डे आणायचे: एक भरभरून लिहिणारं, एक अडखळणारं, एक जेमतेम दोन ओळी लिहिणारं. फक्त हुशार मुलांची पानं आली तर बैठकीचं प्रदर्शन होतं. प्रत्येक खर्ड्यावर दहा मिनिटं, दोन प्रश्न: मूल काय सांगू पाहतंय, आणि पुढची एकच गोष्ट कोणती शिकवायची. मोजायचं असेल तर किती मुलांनी पुस्तकं घरी नेली आणि किती मुलांचा दुसरा खर्डा झाला, एवढंच मोजा. गुण देऊ नका. ज्या जोड्यांचं काम मध्येच थांबलं त्यांनाही बोलवा आणि नेमकं कुठे अडलं ते विचारा: तासिका मिळाली नाही, पेटी पोहोचली नाही, की मुलं गप्प बसली. पहिल्या दोन अडचणी मुख्याध्यापकांशी बोलून सुटतात. तिसरीसाठी मार्गदर्शकानं त्या वर्गात जाऊन यादीचा तास स्वतः घ्यावा आणि शिक्षकाला मुलांच्या रांगेत लिहायला बसवावं.