मागीलदारचं झाड पडलं, त्याचा डेक (घराबाहेरचा फळ्यांचा ओटा) करायचाय? या चुका टाळा

निसर्ग वादळ आलं 3 जून 2020 ला, तौक्ते पुढच्या वर्षी मेच्या मध्याला. दोन्ही वेळा कोकणात झाडं पडली ती ऐन पावसाच्या तोंडावर. आमच्या मागीलदारचा फणस तौक्तेत गेला. "लाकूड कुठे पळून जातंय, गणपती झाले की बघू," म्हणून आम्ही तो तसाच पडू दिला. सगळ्यात महागडी चूक हीच. गणपतीपर्यंत साल सुटली होती, खाली भुंग्याने पिठासारखा भुसा काढला होता आणि टोकांना बोट जाईल एवढ्या भेगा. दहा फुटी ओंडक्यातलं सात फूटच कामाचं निघालं.

लाकडातलं पाणी सर्वांत आधी निघतं ते कापलेल्या टोकांतून, म्हणून भेगाही तिथेच पडतात. टोकांना लगेच जाडसर ऑइलपेंट फासा, ओंडका दगडांवर उचलून ठेवा आणि शक्य तितक्या लवकर चिरून घ्या.

ओंडका सॉ मिलला न्यायला गाडी बोलावण्याआधी मात्र वनखात्यात जाऊन या. साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत, म्हणजे तोडायला परवानगी लागणाऱ्या झाडांच्या यादीत आहेत. "आपोआप पडलंय" हे वनखात्याच्या तपासणी नाक्यावर तोंडी सांगून भागत नाही. पंचनामा आणि वाहतूक परवाना यांचं आधी विचारा.

सॉ मिलवाला पहिला प्रश्न विचारतो, "खिळा आहे का?" आम्ही छातीठोक नाही म्हणालो. कपडे वाळत घालायच्या तारेचा हूक खोडाने कधीच गिळला होता. करवतीचा आवाज एकदम चिरका झाला, ठिणगी उडाली, करवतीच्या पट्ट्याचे (पात्याचे) पैसे आमच्याकडून वळते झाले. चिरल्यावर पाहिलं तर हुकाभोवती वीतभर निळा-काळा डाग होता. तसा डाग ओंडक्याच्या टोकाला दिसला, तर आत लोखंड आहे असं समजा.

आता लाकूड कुठलं ते. आंब्याच्या फळ्या उघड्यावर घालू नका. पावसात कुजतात, कीड तर लागतेच. फणसाचा पिवळा गाभा चांगला टिकतो. सागाच्या नावावरही जाऊ नका. परसातल्या वीस-पंचवीस वर्षांच्या सागात बाहेरचा पांढरा भाग बराच असतो आणि तो सागासारखा टिकत नाही. पांढरं काढून टाकायचं, जीव कितीही तुटला तरी. खोडाच्या ऐन मध्यातला भागही फळीत घेऊ नका, तो हमखास तडकतो. एक इंची फळी हवी असेल तर सव्वा इंच चिरा आणि रुंदी पाच-सहा इंचांवर नेऊ नका. रुंद फळी वाळताना पन्हळीसारखी वाकते.

चिरलेल्या फळ्या वाळवायला थप्पी लावताना घाई नडते. खालचा थर जमिनीपासून फूटभर वर, वर पत्रा, बाजू उघड्या. प्रत्येक दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, आणि त्या खालपासून वरपर्यंत एका रेषेत. आमच्या पट्ट्या पुढे-मागे झाल्या होत्या. जिथे आधार चुकला तिथे फळीला पोट आलं. ताडपत्रीत गुंडाळणारे लोक तर बुरशीची शेतीच करतात.

वाळलं की नाही हे ठोकून कळत नाही. त्याच फळीचा एक तुकडा थप्पीत ठेवा, दर महिन्याला वाण्याच्या काट्यावर तोला आणि वजन पेन्सिलने त्याच्यावरच लिहा. आकडा हलायचा थांबला की रंधा मारा. एक पावसाळा आणि त्यानंतरचा पूर्ण उन्हाळा तरी धरून चाला.

फळ्या बसवताना मध्ये पाच-सहा मिलिमीटर फट ठेवा, नाहीतर पावसात फुगून एकमेकींना उचलतात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या, समुद्राजवळ असाल तर खाऱ्या हवेत जास्त टिकणाऱ्या 316 ग्रेडचे. आम्ही पहिल्या दोन ओळी घरात उरलेल्या लोखंडी खिळ्यांनी ठोकल्या. दुसऱ्या पावसात प्रत्येक खिळ्याखाली काळा ओघळ आला. ऑक्झॅलिक ॲसिडने घासल्यावर डाग फिके झाले. खिळे मात्र गंजून असे धरलेत, की काढायला गेलं तर फळी फाटते.