नहानी नदीचा नकाशा करताना या चुका टाळा

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधील साउथ नहानी नदीच्या खोऱ्याचे हौशी नकाशे तपासताना त्याच त्या चुका समोर येतात, आणि त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डेटम (स्थाननिर्देशांक ज्या पायाभूत संदर्भावरून मोजतात तो) न पाहता आकडे उतरवणे. जुनी नकाशा-पत्रके बहुधा नॅड 27 या उत्तर अमेरिकेच्या जुन्या डेटमवर बेतलेली असतात, जीपीएस डब्ल्यूजीएस 84 या जागतिक डेटमवर चालतो, आणि यूटीएमचे (पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडून मीटरमध्ये स्थान सांगणाऱ्या पद्धतीचे) आकडे रूपांतर न करता घेतले तर येथे बिंदू उत्तर-दक्षिण दिशेतच सुमारे 200 मीटर सरकतो.

एका नवशिक्या सहकाऱ्याने फर्स्ट कॅनियन या नदीच्या घळईतील मुक्कामाच्या जागा अशाच उतरवल्या. उत्तर काठावरच्या काही जागा पाण्यात, तर काही पलीकडच्या कड्यात दिसू लागल्या, तेव्हा कारण शोधण्याऐवजी त्याने एकेक बिंदू माउसने ओढून जवळच्या काठावर नेऊन ठेवला. नकाशा सुबक दिसू लागला, पण दोन जागा चुकीच्या काठावर गेल्या आणि चूक पकडण्याचा धागाही तुटला. कारण डेटम चुकला की सगळे बिंदू एकाच दिशेने आणि जवळपास सारख्याच अंतराने हलतात. सगळे काम मूळ वहीवरून पुन्हा करावे लागले. मी पल्पिट रॉक हा नदीकाठचा सुळका आणि व्हर्जिनिया धबधब्याचा माथा या ठळक खुणा नकाशावर जुळल्याशिवाय एकाही बिंदूला हात लावत नाही. घाई असलेल्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, वाटू द्यावा.

126 अंश पश्चिम रेखांशावर यूटीएमचा झोन 9 संपून 10 सुरू होतो, म्हणून नदीच्या वरच्या भागातील रॅबिटकेटलहून खाली येताना प्रत्येक नोंदीत झोन लिहावा.

उंचीसाठी शटल रडारची (अंतराळयानातून रडारने मोजलेली) माहिती शोधण्यात अर्थ नाही, कारण ती 60 अंश उत्तरेलाच थांबते. आर्क्टिक-डेम हे उत्तरेकडील प्रदेशाचे उपग्रहचित्रांवरून केलेले उंचीचे प्रारूप मिळते, पण त्यात जमिनीऐवजी स्प्रूस वृक्षांचे शेंडे मोजलेले असतात आणि पाण्यावरचे आकडे विश्वासार्ह नसतात. त्यावरून सॉफ्टवेअरने काढलेल्या समोच्च रेषा नदीला चक्क चढावर नेतात. आधी नदी हाताने काढून तिची उंची प्रवाहाच्या दिशेने उतरती करावी, मगच रेषा काढाव्यात. नदी ओलांडताना त्यांचे टोक उगमाकडे वळलेले हवे.

स्प्लिट्स या भागात नदी अनेक फाट्यांत विभागते आणि हे प्रवाह जागा बदलतात, म्हणून आधाराला घेतलेल्या हवाई किंवा उपग्रह छायाचित्राची तारीख नकाशावर द्यावी. जुन्या पत्रकावरचा चुंबकीय दिक्पात (होकायंत्राचे उत्तर आणि खरे उत्तर यांतील, काळानुसार बदलणारा कोन) वापरू नये. 10 अंशांची चूक एका किलोमीटरवर सुमारे 176 मीटर होते.