मेण चढवण्याआधी: बारा सुगंधी मेणबत्त्यांची तयारी

दिवाळीला द्यायच्या मेणबत्त्यांचं काम आमच्या शहापुरातल्या घरात अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं. बेळगावात तेव्हा पाऊस पुरता हटलेलाही नसतो. शेजारपाजारचे हसतात, पण सोया (सोयाबीनच्या तेलाचं मेण) मिसळलेलं मेण ओतल्यावर दोन आठवडे तरी झाकून मुरावं लागतं. घाई केली तर नुसत्या मेणबत्तीला छान वास येतो आणि पेटवली की काहीच नाही. म्हणून दिवस उलटे मोजायचे. दसरा ते लक्ष्मीपूजन वीस दिवस, म्हणजे खरा घाणा नवरात्रात निघाला पाहिजे. त्याआधी वातीची परीक्षा, आणि परीक्षेच्या मेणबत्त्यांनाही मुरायला तेवढेच दिवस. ते पितृपंधरवड्यात बरोबर बसतात. तेव्हा घरात नवं काही काढायचं नसतं, मेण आपलं कपाटात गप पडून राहतं.

पहिल्यांदा ग्लास जमवा. जाड बुडाचे, सरळ उभ्या कडांचे, सगळे एकाच मापाचे. लोणच्याच्या बरण्या घरात ढीगभर असतात, पण त्यांचा गळा अरुंद. मेण खाली गेलं की ज्योत आत कोंडते आणि खांदा तापतो. चहाचे पातळ ग्लास तर नकोच. माझा एक ऐन ओतताना टच्‌ करून तडकला आणि मेण कट्ट्यावरून मिक्सरच्या खाली गेलं. ते मी अजून खरवडते आहे.

खानापूरच्या मातीच्या भांड्यांचा मोह आपल्याकडे कुणाला होत नाही? मलाही झाला. कुल्हडाएवढ्या बोळक्यात मेण ओतलं, दिसायला देखणं. दुसऱ्या दिवशी उचललं तर खालच्या कागदावर तेलाचं गोल वर्तुळ, आणि बोळकं बाहेरून हाताला चिकट. लेप न दिलेली माती मेण आणि अत्तर दोन्ही पिते, आणि तेल प्यालेली भिंत ज्योतीजवळ असणं बरं नव्हे. आतून चकाकीचा लेप दिलेलं भांडं मिळालं तरच घ्या. नाहीतर मातीच्या पणत्या दारात, मेण काचेत.

आता हिशेब, आणि तो वहीतच करायचा. ग्लास काट्यावर ठेवून शून्य करा, काठाच्या दीड सेंटिमीटर खाली जिथपर्यंत भरायचं तिथपर्यंत पाणी ओता. माझ्या ग्लासात १८० ग्रॅम बसतं. मेण पाण्यापेक्षा हलकं, साधारण ०.९ पट, म्हणजे १६२ ग्रॅम. बारा ग्लासांचे १९४४. मेणाच्या वजनाच्या ८ टक्के सुगंध धरला तर १९४४ भागिले १.०८, मेण १८०० ग्रॅम आणि सुगंधी तेल १४४ ग्रॅम. तेल मिलिलिटरात मोजू नका, प्रत्येक तेलाची घनता वेगळी. आणि जास्त ओतलं की जास्त वास, हा समजही सोडा. मेण त्याच्या ताकदीएवढंच तेल धरतं. उरलेलं वर घामासारखं फुटतं आणि वात तडतडते.

ते १८०० ग्रॅम मी ७०-३० करते: सोया १२६० आणि पॅराफिन (खनिज तेलापासूनचं नेहमीचं मेण) ५४०. नुसत्या सोयाला वरून पांढरी बुरशीसारखी नक्षी येते (बुरशी नव्हे, घाबरू नका) आणि एप्रिलच्या उन्हात ते लोण्यासारखं होतं. नुसतं पॅराफिन थिजताना आक्रसतं, वातीशेजारी खड्डा पडतो. दोघं एकत्र नांदतात ते बरं. पिशवीवरची अक्षरं मात्र वाचा. सोया म्हणून विकलेलं मेण पुष्कळदा आधीच मिश्र असतं. त्यात आणखी पॅराफिन घातलं तर माझं प्रमाण तुमच्या उपयोगाचं नाही.

सुगंध मेणबत्तीसाठीचाच हवा. उदबत्तीचं अत्तर स्वस्त पडतं, पण ते बऱ्याचदा पातळ केलेलं असतं आणि वातीत चोंदतं. विकणाऱ्याला फ्लॅश पॉइंट विचारा, म्हणजे किती अंशाला त्याची वाफ पेट घेऊ शकते ते. मोगरा आणि चंदन आमच्याकडे हटकून संपतं. केवडा मी एकदा केला, तर सासूबाई म्हणाल्या, घरात बिर्याणी आहे का गं?

वातीवर मात्र वेळ घालवा. एकाच ग्लासासाठी तीन जाडीच्या सुती वाती आणा, प्रत्येकीची एक मेणबत्ती ओता आणि घटस्थापनेच्या सुमारास, मुरल्यावर, तिन्ही शेजारी शेजारी पेटवा. चार तास समोरून हलायचं नाही. बारीक वात मधे विहीर खणते आणि कडेचं मेण तसंच राहतं. जाड वात उंच नाचते, काच काळी करते, ग्लास हाताला सोसवत नाही. हवी ती वात चार तासांच्या आत कडेपर्यंत मेण पातळ करते, साधारण एक सेंटिमीटर खोल, आणि ज्योत स्थिर. सुगंध बदलला तर हे सगळं पुन्हा. मोगऱ्याला चाललेली वात चंदनात विझते, हे मी दोनदा भोगलंय.

खऱ्या घाण्याच्या आदल्या दिवशी ग्लास धुऊन उन्हात पालथे घाला. पाऊसपाण्याचे दिवस, आत दमटपणा राहिला तर वातीच्या तळाची पत्री सुटून तरंगते. पत्र्या चिकटवून, वाती कपड्यांच्या चिमट्यांत मधोमध धरून ठेवा. कट्ट्यावर जुने तरुण भारत अंथरा. मेणाचं पातेलं बसेल असं पाण्याचं मोठं पातेलं, थर्मामीटर, डिजिटल काटा, स्टीलची वाटी (प्लॅस्टिकचा पातळ कप तेलानं मऊ पडतो), लांब दांड्याचा चमचा आणि वरचा भाग सारखा करायला केसांचा ड्रायर. मेण थेट आचेवर कधीच नाही. पाण्यावर ठेवलं की बेळगावच्या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या आतच उकळतं, मेण त्यापुढे जाणार नाही. इंडक्शन असेल आणि करंट गेला तरी पाणी ऊब धरून राहतं, घाबरायचं कारण नाही.

पातेल्यावर घट्ट बसणारं झाकण हाताशी असू दे. मेणाला आग लागली तर झाकण टाकायचं आणि आच बंद करायची. पाणी ओतलं तर भडका उडतो, हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगा. पुसायला रद्दी ठेवा, भांडी गरम असतानाच पुसायची. सिंकमध्ये मेण सोडल्याचा खर्च मी प्लंबरला एकदा दिलाय.

कागदावर तीन आकडे लिहून भिंतीला चिकटवा. पॅराफिन आधी, मग सोया. ८० ते ८५ अंशांना आच बंद करून तेल आणि दोन मिनिटं हळू ढवळणं. ६० च्या आसपास ओतणं. विकणाऱ्यानं वेगळं सांगितलं असेल तर त्याचं ऐका. पंखा बंद.

चिठ्ठ्या आधीच छापून ठेवा: वात ५ मिलिमीटर ठेवून कापा, सलग चार तासांहून जास्त जाळू नका, पडद्यापासून लांब. मी एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड लिहिते. शेजारच्या अक्कांनी मजकूर तपासून दिला तेव्हा कळलं की मेणबत्तीला कन्नडात मेणदबत्तीच म्हणतात, एवढ्यासाठी मी दोन दिवस शब्द शोधत होते. चिठ्ठ्या मात्र अकराच लागतात. बारावी मेणबत्ती कुणाला द्यायची नाही, ती वसुबारसेच्या आधी घरात पेटवून बघायची.