कुत्रं आणि विषारी झाडं: परड्यातल्या या चुका टाळा

उभं झाड कुत्रं सहसा चावत बसत नाही. घात होतो तो जमिनीवर पडलेल्या गोष्टींनी.

त्यात पहिला नंबर खताचा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं पावसाळ्याच्या तोंडावर गुलाबाला, नारळाला एरंडीची पेंड घालतात. जोडीला बोनमील (हाडांचा चुरा) असलं की वासानं कुत्रं आळं उकरतं आणि पेंड खातं. एरंडीच्या बीतलं रायसिन हे विष तेल काढताना तेलात जात नाही, पेंडीत राहतं. पेंड नीट तापवलेली नसेल तर ते तसंच पोटात उतरतं. उलट्या, रक्ताची हगवण सुरू व्हायला सहा तास लागतात, कधी दोन-तीन दिवससुद्धा. तेव्हा ‘खाल्लं, पण ठणठणीत आहे’ यावर विसंबू नका. वरून माती ओढूनही भागत नाही. घरात कुत्रं असेल तर निंबोळी पेंडच आणा. दुकानात कन्नडमध्ये ‘बेवीन हिंडी’ (निंबोळी पेंड) मागा, ‘हरळु हिंडी’ (एरंडीची पेंड) नको.

कुंपणाची कण्हेर आणि पिवळी बिट्टी छाटल्यावर फांद्या ढिगानं तशाच पडून राहतात. वाळली की विष गेलं, हा गैरसमज. वाळलेलं पानही हृदयाचे ठोके बिघडवतं. छाटणी त्याच दिवशी उचला. जाळू नका, धूरही बाधतो. देवाला वाहिलेली कण्हेरीची फुलंही कुत्र्याच्या तोंडाशी टाकू नका.

पोर्चमधल्या सायकस या ताडासारख्या दिसणाऱ्या शोभेच्या झाडातल्या मादीला मधोमध नारिंगी-लाल बिया धरतात. एक-दोन बियाही कुत्र्याच्या जिवावर बेततात. उलट्या थांबल्या म्हणून निर्धास्त होऊ नका, यकृताचा बिघाड दोन-तीन दिवसांनी दिसतो. खरं तर हे झाड काढलेलंच बरं.

मनी प्लांट, डिफेनबॅकियाची भीती मात्र जरा जास्तच घातली जाते. तोंडाची आग होते, लाळ गळते. तोंड पाण्यानं धुवा, थोडं दही चाटवा. घसा सुजून श्वास अडला तरच धावपळ.

उपचारातली जुनी चूक म्हणजे मिठाचं पाणी. त्यानं रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात. दूध, तुपानं विष उतरत नाही. झटके किंवा गुंगी असताना ओकारी काढायला गेलात तर ती फुफ्फुसात जाते. थेट पशुवैद्याला फोन करा: काय खाल्लं, किती, कधी, कुत्र्याचं वजन किती. निघताना उरलेली फांदी किंवा बी पिशवीत घ्या. पेंड असेल तर पोत्यावरच्या लेबलचा फोटो काढा.